कानाच्या पाळीतले सहा चिमुकले स्नायू: ते करतात तरी काय?

कर्णिका
नमस्कार मंडळी. मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या आमचं डोकं आणि मानेचं विच्छेदन चालू आहे आणि दोन आठवडे एकच गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

कानाभोवतीचे तीन स्नायू मला सापडले. पुढचा अगदी छोटा, वरचा पंख्यासारखा पसरलेला, आणि मागचा दोन-तीन पट्ट्यांचा. पुस्तकात त्यांची नावं ऑरिक्युलारिस अँटिरिअर, सुपिरिअर आणि पोस्टिरिअर. यांचं एक टोक डोक्याला आणि दुसरं कानाला, त्यामुळे ते आखडले तर कान हलणार, हे कळतं.

पण याशिवाय खुद्द कानाच्या पाळीत, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या अख्ख्या कानात, आणखी सहा स्नायू आहेत: हेलिसिस मेजर, हेलिसिस मायनर, ट्रॅगिकस, अँटिट्रॅगिकस, ट्रान्सव्हर्सस आणि ऑब्लिकस. यांची दोन्ही टोकं कानाच्या कूर्चेवरच! म्हणजे हे कानाला डोक्याच्या संदर्भात हलवूच शकत नाहीत, फार तर कानाचा आकार बदलतील. पुस्तकात यांना एकच ओळ दिली आहे, "आकारात किंचित बदल करतात". आणि मला सहापैकी एकही सापडला नाही. त्वचा काढली की खाली थेट पांढरी कूर्चा.

माझ्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "सोड ना, शेपूट गेलं तसंच हे." पण मला सोडवत नाही. काहीच करत नसतील तर या सगळ्यांना फेशियल नर्व्हचे, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू चालवणाऱ्या नसेचे, तंतू अजून का जातात? कुणाला हे स्नायू मुद्दाम हलवता येतात का? आणि ते शोधायचे कसे?

शिंपला
कान हलवणारी इथे एक आहे! लहानपणापासून दोन्ही हलतात, फक्त उजवा मात्र एकटा हलत नाही. तुझ्या त्या सहांबद्दल मात्र आज पहिल्यांदाच ऐकलं.

टाळीबहाद्दर
शाळेत मास्तरांनी इतका कान पिळला, तेव्हा यातला कुठला स्नायू कामी आला ते कुणीतरी सांगा.

जुना_मास्तर
टाळीबहाद्दर, पिळायचे ते बहुधा खालचा लोंबता मऊ भाग. तिथे कूर्चाही नाही आणि स्नायूही नाही, नुसती त्वचा, चरबी आणि तंतुमय पेशीजाल. मी तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं, पण कान एकाचाही पिळला नाही.

कर्णिका, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. बहुतेक विद्यार्थी हे सहा स्नायू नावांपुरते पाठ करतात आणि पुढे सरकतात. शोधण्याबद्दल आधी सांगतो, कारण उद्या तू पुन्हा टेबलाशी उभी राहशील.

तू सुरुवात कानाच्या दर्शनी बाजूने केली असणार. तिथेच गडबड झाली. दर्शनी बाजूची त्वचा कूर्चेच्या आवरणाला घट्ट चिकटलेली असते, मध्ये सैल थर जवळजवळ नसतोच. त्वचा ओढली की हे पातळ स्नायू तिच्याबरोबर सोलून निघतात आणि आपल्याला वाटतं की इथे काही नव्हतंच. मागच्या बाजूची त्वचा सैल असते. दुसऱ्या बाजूच्या कानाला मागूनच हात घाल. कानामागे बोट फिरवलंस तर दोन फुगवटे लागतील. समोरून जो कानाचा खोलगट द्रोण दिसतो त्याचा मागचा फुगवटा हा एक, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, कडेजवळच्या पन्हाळीचा फुगवटा हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये एक घळ आहे. त्या घळीवर पुलासारखे आडवे पडलेले तंतू म्हणजे ट्रान्सव्हर्सस. त्यातले काही मांसल आणि काही नुसतेच कंडरेसारखे पांढरे असतात. ऑब्लिकस त्याच्याच वर, चार-सहा धागे. प्रकाश तिरपा टाक, भिंग घे, आणि लाल रंग शोधू नकोस. जतन केलेल्या देहात एवढा पातळ स्नायू फिकट तपकिरीच दिसतो.

कर्णिका
सर, अगदी असंच झालं! मी समोरूनच सुरुवात केली होती. सोललेली त्वचा जपून ठेवली आहे, उद्या तीही उलटून बघते.

जुना_मास्तर
जरूर बघ. ट्रॅगिकस कदाचित तिच्याच आतल्या अंगाला चिकटलेला सापडेल.

निरुत्तर
मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हे अवशेष आहेत. डार्विनने १८७१ मध्येच मानवाच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथात कानाच्या स्नायूंचं उदाहरण दिलं. पूर्वजांना कान वळवायला लागायचे, आपल्याला लागत नाहीत, राहिले ते सांगाडे. प्रत्येक गोष्टीला काम असलंच पाहिजे हा हट्ट का? मज्जातंतू जातो कारण भ्रूणात तशी जोडणी होते. तेवढ्याने उपयोग सिद्ध होत नाही.

मातीकाम
डार्विनचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी शिल्पकार आहे. कानाच्या वरच्या वळणदार कडेवर, आतल्या बाजूला, काही जणांना एक बारीकसा गाठीसारखा उंचवटा असतो. त्याला डार्विनचा उंचवटा म्हणतात, पण तो डार्विनच्या नजरेस आणून दिला थॉमस वूलनर या शिल्पकाराने. वूलनर शेक्सपिअरच्या नाटकातल्या, टोकदार कानांच्या पक या पात्राचा पुतळा घडवत होता, त्या निमित्ताने तो वानरांचे आणि माणसांचे कान निरखून पाहू लागला आणि हा उंचवटा त्याच्या लक्षात आला. डार्विनने ग्रंथात वूलनरचं नाव तर घेतलंच, शिवाय त्याने काढलेलं चित्रही छापलं. शरीरशास्त्रात शिल्पकाराच्या नजरेने भर पडली, याचा मला फार अभिमान वाटतो.

कान करायला बसलो की मी आधी तो द्रोण आणि त्याच्या मागची उभी कणा-रेघ ठरवतो. त्या रेघेला अँटिहेलिक्स म्हणतात ना? ती रेघ चुकली की अख्खा कान बाहेर पडल्यासारखा दिसतो.

सुरी_चिमटा
मातीकाम, तुम्ही नकळत या धाग्याच्या गाभ्याला हात घातलात. मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे.

ज्यांचे कान डोक्यापासून फाकलेले असतात, त्यांच्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी सापडतात. तुमची ती कणा-रेघ नीट वळलेली नसते, किंवा द्रोण जास्त खोल असतो. रेघ वळवण्यासाठी एक प्रसिद्ध पद्धत आहे, मुस्टार्डे यांनी १९६३ मध्ये मांडलेली. कानामागून द्रोणाच्या फुगवट्यात आणि बाहेरच्या पन्हाळीच्या फुगवट्यात टाके घ्यायचे आणि ते आवळायचे. मधली घळ मिटते आणि समोरून रेघ उठून दिसते.

आता मास्तरांनी वर ट्रान्सव्हर्ससचं जे वर्णन केलं आहे ते पुन्हा वाचा. त्याच दोन फुगवट्यांमध्ये, त्याच घळीवर, त्याच दिशेने! आपण जो टाका घालतो तो नेमका त्या स्नायूच्या ओढीच्या रेषेत पडतो. इतकी वर्षं मी हे टाके घालतो आहे, आणि कानामागे ते फिकट तंतू बाजूला करताना दर वेळी मनात येतं की निसर्गाने इथे आधीच एक टाका घालून ठेवला आहे.

म्हणून "आकारात किंचित बदल" ही पुस्तकातली ओळ वाचून नाक मुरडू नका. मोठ्या माणसाची कूर्चा ताठ झालेली असते, तिथे चार तंतू काय करणार? पण गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा लोण्यासारखी मऊ असते. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनचा अंमल तोवर टिकून असतो. म्हणूनच नवजात बाळाचा दुमडलेला किंवा फाकलेला कान लवकर साच्यात बसवला तर शस्त्रक्रियेशिवाय सुधारतो, आणि महिने उलटले की तोच कान ऐकत नाही. अशा मऊ कूर्चेवर बारीक ओढही घडी पाडू शकते. पाळीतल्या स्नायूंचा कान घडवण्यात वाटा असावा असं मानणारे शल्यचिकित्सक आहेत, आणि मी त्यांच्यातला एक. हे माझं मत आहे, निर्णायक पुरावा म्हणून मांडत नाही.

निरुत्तर
हे मला नवीन आहे. टाका आणि स्नायू एकाच रेषेत, हे पटलं. पण रेषा जुळली म्हणजे स्नायूनेच घडी पाडली असं होत नाही. उलटही असू शकतं: घडी पडली म्हणून स्नायू तिच्यावर पुलासारखा आला.

सुरी_चिमटा
रास्त आक्षेप. म्हणूनच वर "मत" हा शब्द वापरला.

रानमांजर
मी आपली मांजरवाली. आमची माऊ झोपलेली असली तरी तिचे कान जागे असतात. एक पुढे, एक मागे. मागच्या खोलीत पिशवीची कुरकूर झाली की कान १८० अंशांत फिरतो आणि डोळे मिटलेलेच. आपल्याकडेही हे सगळं होतं आणि गेलं, याचं खरंच वाईट वाटतं.

अवांतर: "कान टवकारणे" हा शब्दप्रयोग आपण माणसांसाठीही सर्रास करतो. बाहेर काही खुट्ट झालं आणि मी कान टवकारले. कान तर तसूभर हलत नाहीत!

ध्वनिलहर
रानमांजर ताई, तसूभर नाही, पण केसभर हलतात. मी ऐकण्याच्या विज्ञानात काम करते आणि या प्रतिसादाची वाटच बघत होते.

२०२० मध्ये जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठाच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना समोर बघत बसवलं, कानाच्या स्नायूंवर त्वचेवरून इलेक्ट्रोड लावले आणि वेगवेगळ्या दिशांनी अनपेक्षित आवाज ऐकवले, बाळाचं रडणं, पावलांचा आवाज, असे. ज्या बाजूने आवाज आला त्या बाजूच्या कानाच्या स्नायूंमध्ये विद्युत हालचाल वाढली. त्यांनी कानाभोवतीचे तीन तर मोजलेच, शिवाय पाळीच्या मागचा ट्रान्सव्हर्ससही मोजला. कॅमेऱ्याच्या चित्रणात कानाची अगदी सूक्ष्म हालचालही टिपली गेली. दुसऱ्या भागात लोकांना दोन आवाजांपैकी एकाच बाजूची गोष्ट लक्ष देऊन ऐकायला सांगितली, तेव्हाही ज्या बाजूला लक्ष, त्या बाजूचे स्नायू जास्त सक्रिय.

म्हणजे आपण खरोखरच कान टवकारतो. हुकूम सुटतो, तो स्नायूपर्यंत पोहोचतो, स्नायू आखडतोही. फक्त कान जागचा हलण्याइतकी ताकद उरलेली नाही. मला हे फार हृद्य वाटतं. आपल्या मेंदूला अजून ठाऊकच नाही की कान आता वळत नाहीत.

याच्या आधी, २०१५ मध्ये, स्टीव्हन हॅकली यांनी जुनी-नवी निरीक्षणं एकत्र करून मांडलं होतं की ही यंत्रणा आपल्या मेंदूत सुमारे अडीच कोटी वर्षं जीवाश्मासारखी टिकून आहे.

टाळीबहाद्दर
अडीच कोटी वर्षं कुणी हुकूम बजावत नाही आणि साहेब रोज हुकूम काढतायत. आमच्या घरात मी मुलांना "अभ्यासाला बसा" म्हणतो तसं.

शिंपला
हसून हसून पुरेवाट!

उजवी_भुवई
बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे, आज लिहावंसं वाटलं.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू पडली. बेल्स पाल्सी. डोळा मिटेना, चहा ओठांतून गळायचा. त्या दिवसांत एक गोष्ट कुणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही: उजव्या कानाला सगळे आवाज मोठे आणि टोचरे वाटायचे. ताटल्यांचा आवाज सहन व्हायचा नाही. मला वाटलं मनाचे खेळ.

हळूहळू चेहरा परत आला, जवळजवळ पूर्ण. पण एक नवीन गोष्ट सुरू झाली. उजवा डोळा घट्ट मिटला की कान मागे ओढला गेल्यासारखा वाटतो. चष्म्याची काडी हलते. आधी मी कधी कान हलवू शकत नव्हते. हा धागा वाचताना पहिल्यांदा वाटलं की त्याचा याच स्नायूंशी संबंध असेल. आहे का?

जुना_मास्तर
आहे, ताई. आणि तुमचे मनाचे खेळ अजिबात नव्हते.

आधी आवाजाचं. मधल्या कानात स्टेपिडियस नावाचा जेमतेम ६ मिलिमीटरचा स्नायू आहे, शरीरातला सर्वांत छोटा. मोठा आवाज झाला की तो रिकिबीच्या आकाराच्या हाडाला आवरून धरतो. त्यालाही फेशियल नर्व्हच जाते. ती बंद पडली की लगाम सुटतो आणि साधे आवाजही अंगावर येतात.

आता कानाचं. फेशियल नर्व्ह कवटीतून बाहेर पडते ना पडते तोच तिची एक फांदी कानामागे वळते. ती मागच्या मोठ्या स्नायूला आणि पाळीच्या मागच्या दोन चिमुकल्यांना, ट्रान्सव्हर्सस आणि ऑब्लिकसला, तंतू देते. पुढची मूळ नर्व्ह गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे फुटते. त्यातल्या कपाळाकडे जाणाऱ्या फांद्या कानाच्या पुढच्या आणि वरच्या स्नायूला आणि पाळीच्या दर्शनी बाजूच्या चौघांना जातात. दुखापतीतून नर्व्ह पुन्हा वाढते तेव्हा काही तंतू वाट चुकतात. डोळ्याकडे जायचा तंतू कानाच्या स्नायूत जाऊन बसला, तर डोळा मिटायचा हुकूम कानालाही मिळतो. तुमच्या चष्म्याची काडी त्यामुळे हलते.

कर्णिका, तुझ्या "नर्व्ह का जाते" या प्रश्नालाही इथे जोडून सांगतो. भ्रूणाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास कान सहा उंचवट्यांपासून बनायला लागतो. भ्रूणाच्या मानेच्या जागी एकाखाली एक कमानीसारख्या वळ्या असतात. सहापैकी तीन उंचवटे पहिल्या कमानीचे, तीन दुसऱ्या कमानीचे. पण स्नायू मात्र सगळे दुसऱ्या कमानीतून येतात, आणि त्या कमानीची नर्व्ह फेशियल. म्हणून ट्रॅगस, म्हणजे कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा, पहिल्या कमानीचा असला, तरी त्याच्यावरचा ट्रॅगिकस फेशियलचाच. हसणं, डोळे मिचकावणं, भुवया उडवणं आणि कान टवकारणं ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत.

उजवी_भुवई
मास्तर, खूप आभार. चार वर्षांनी कुणीतरी नीट समजावून सांगितलं. डोळे भरून आले.

दोन_भोवरे
"एकाच घरातली भावंडं" वरून आठवलं. मी चाळिशीत कान हलवायला शिकलो, मुलाशी पैज लावून. पद्धत सांगतो. चष्मा घाला. भुवया वर उडवा, मग एकदम रुंद हसा, आणि त्या वेळी कानामागे काही आखडतंय का ते बोटाने चाचपा. एकदा ती जागा कळली की हसू हळूहळू कमी करत न्यायचं आणि ती ओढ तेवढी शिल्लक ठेवायची. मला दोन महिने लागले. मुलगा तीन दिवसांत शिकला.

निरुत्तर
डार्विननेही हेच लिहिलंय. सतत कानाला हात लावून लक्ष तिकडे वळवलं, तर वारंवार प्रयत्नांनी थोडीफार हालचाल परत मिळवता येईल, असं त्याचं मत होतं. मी अवशेषवाला असलो तरी एवढं मान्य.

अनुस्वार
मला कान हलवता येत नाहीत, पण कानात मुद्दाम गडगडाट करता येतो. ढगांसारखा. हे त्या सहांपैकी कुणाचं काम?

ध्वनिलहर
कुणाचंच नाही. तो बहुधा टेन्सर टिम्पनी, पडद्याला ताणणारा, मधल्या कानातला. त्याची नर्व्हही वेगळी, ट्रायजेमिनल. बाहेरून काही हलताना दिसणार नाही.

अनुस्वार
आणि कानात काडी घातली की खोकला येतो तो?

जुना_मास्तर
तो तर स्नायूंचा नाहीच, संवेदनेचा मामला. कानाच्या नळीत व्हेगस नर्व्हची एक बारीक फांदी येते, आर्नोल्डची नर्व्ह. घशाची आणि तिची मूळ नर्व्ह एकच, म्हणून काही लोकांना कान कोरताना खोकला येतो. आणि काडी घालू नका हो.

रानमांजर
मला भाषेचा प्रश्न पडलाय. "पाळी" म्हणजे नेमकं काय? मी तरी खालच्या लोंबत्या भागालाच पाळी म्हणते. इथे अख्ख्या कानाला म्हणतायत.

मातीकाम
दोन्ही चालतं. आमच्याकडे कडेला पाळी म्हणतात, भांड्याची पाळी म्हणतात तशी. तिथून अख्खा बाहेरचा कान म्हणजे पाळी झाला असावा, असा माझा कयास.

शिंपला
मूळ मुद्द्यावर येऊ का? ते सहा कुणाला मुद्दाम हलवता येतात का, याचं उत्तर राहिलं.

सुरी_चिमटा
एकेक सुटा हलवू शकणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पण नकळत आखडणारा एक नक्की आहे. १९०८ मध्ये किनिअर विल्सन या मज्जाविकारतज्ज्ञाने नोंदवलं होतं की डोळे अगदी कोपऱ्यापर्यंत एका बाजूला वळवले, की काही जणांच्या कानाची कड मागे ओढली जाते. त्यात आपल्या ट्रान्सव्हर्ससचा हात आहे. घरी करून बघण्यासारखं आहे. डोकं स्थिर ठेवायचं, नुसते डोळे वळवायचे, आणि दुसऱ्या कुणीतरी कान मागून बघायचा.

दोन_भोवरे
मुलाने माझे बघितले, म्हणतो काही नाही. मी त्याचे बघितले, वरची कड अगदी जराशी थरथरली. तीनदा करून खात्री केली. पोरगं इथेही जिंकलं.

शिंपला
बहिणीला बसवलं. उजवीकडे बघताना माझ्या कानामागची त्वचा हलते म्हणाली. कान हलवणाऱ्यांना हे जास्त होतं का?

उजवी_भुवई
माझ्या नवऱ्याने दहा मिनिटं टॉर्च धरून बघितलं. डावीकडे काही नाही, उजवीकडे होतंय की मी डोळा बारीक करतेय म्हणून होतंय, ते ठरवता येईना.

निरुत्तर
गंमत आहे, पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. हुकूम सुटतो, स्नायू आखडतो, मान्य. पण त्याने ऐकण्यात काडीचा फरक पडतो का? पडत नसेल, तर काम नाही असंच म्हणायचं.

ध्वनिलहर
निरुत्तर, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि मी उत्तर तोलून देते. या आखडण्यामुळे माणसाला जास्त चांगलं ऐकू येतं असं कुणी दाखवलेलं नाही. हालचाल इतकी सूक्ष्म आहे की तशी अपेक्षाही नाही.

पण पाळीचा आकार म्हणजे शोभा नव्हे. आवाज वरून येतोय की खालून, हे दोन कानांमधल्या वेळेच्या फरकावरून कळत नाही. ते कळतं पाळीच्या घड्यांमुळे. वेगवेगळ्या उंचीवरून आलेला आवाज घड्यांवर वेगवेगळा आदळतो आणि त्याच्या उंच स्वरांचा पोत बदलतो. १९९८ मध्ये नेदरलंड्समधल्या संशोधकांनी लोकांच्या द्रोणात छोटे साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. लोकांना एकदम वर-खाली कळेनासं झालं. काही आठवड्यांत मेंदू नव्या आकाराला शिकला, आणि साचे काढल्यावर जुना आकारही विसरला नव्हता. मग सुरी_चिमटा म्हणतात तसं या चिमुकल्यांनी गर्भात घड्या पाडायला हात लावला असेल, तर ऐकण्यात त्यांचा वाटा जन्माआधीच देऊन झालेला आहे. "असेल तर" हे मीही अधोरेखित करते.

दुसरं, काम नाही असं धरलं तरी उपयोग आहे. २०२५ मध्ये त्याच सारलांडच्या संशोधकांनी २० जणांना गोंगाटात बोलणं ऐकायला लावलं. ऐकणं जितकं अवघड, तितका कानावरचा पंख्यासारखा स्नायू जास्त सक्रिय. मागचा स्नायू दिशेला प्रतिसाद देतो आणि वरचा कष्टाला. ऐकू कमी येणारा माणूस दिवसभर किती शिणतो हे तो स्वतः नीट सांगू शकत नाही. "ऐकू येतं ना?" "हो, येतं." आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. कान त्याच्या वतीने सांगणार असेल, तर श्रवणयंत्रं त्यानुसार जुळवता येतील. माझ्या कामात अशी माणसं रोज भेटतात, म्हणून मला हे स्नायू टाकाऊ म्हणवत नाहीत.

निरुत्तर
हे उत्तर आवडलं. "अवशेष" शब्द सोडत नाही, "निरुपयोगी" सोडतो.

जुना_मास्तर
अवशेष म्हणजे मूळ काम ओसरलेलं, एवढाच अर्थ. निरुपयोगी हे आपण पदरचं जोडलेलं.

सुरी_चिमटा
उपयोगावरून आणखी एक. मानेखाली हातपाय लुळे पडलेल्यांसाठी कानाच्या स्नायूंच्या संकेतांवर चाकाची खुर्ची चालवण्याचे प्रयोग जर्मनीत झाले आहेत. हात गेले तरी हे स्नायू शाबूत असतात, कारण त्यांची नर्व्ह थेट मेंदूच्या बुंध्यातून येते, मणक्यातल्या दोरीतून नाही. आणि रोजच्या जगण्यात त्यांना दुसरं काम नसल्यामुळे बोलता-खाताना संकेतांची सरमिसळ कमी होते.

टाळीबहाद्दर
म्हणजे अडीच कोटी वर्षं बेकार बसलेल्याला अखेर ड्रायव्हरची नोकरी. मनापासून आनंद झाला.

कर्णिका
चार दिवस गायब होते, कारण रोज विच्छेदनगृहात थांबत होते. आता सांगते.

पहिल्या कानाची सोललेली त्वचा उलटून बघितली. ट्रॅगसवरच्या तुकड्याच्या आतल्या अंगाला उभी, चपटी, नखाएवढी पट्टी चिकटलेली होती. ट्रॅगिकस! मी स्वतःच सोलून फेकायला निघाले होते. अँटिट्रॅगिकस तिथेच असायला हवा होता, पण तुकडा फाटलेला होता.

मग दुसरा कान, सरांनी सांगितलं तसा मागून. कडेलगत छेद घेतला आणि त्वचा डोक्याच्या दिशेने उचलत नेली. आधी नुसती चरबी. ती चिमट्याने कणाकणाने काढली. टॉर्च बाजूने धरला आणि घळीवर तंतू दिसले. मधोमध तपकिरी, दोन्ही टोकांना पांढरट, अगदी एकमेकांना समांतर. मी मोजायला गेले आणि मोजता मोजता थांबले, कारण हात थरथरत होता. चिमट्याने हलकेच एका टोकाशी ओढलं तर समोरून अँटिहेलिक्सची रेघ किंचित उठली. किंचितच, पण उठली. शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं. "शेपूट" म्हणणारा मित्र भिंग सोडायला तयार नव्हता.

ऑब्लिकस सापडला नाही. या देहात नसेलच, की मी चरबीबरोबर काढून टाकला?

ज्यांनी देहदान केलं त्यांच्याबद्दल आज मनात खूप कृतज्ञता आहे. त्यांना कल्पनाही नसेल की त्यांच्या कानामागच्या चार धाग्यांनी कुणाला इतकं शिकवलं.

जुना_मास्तर
शाब्बास, पोरी. ऑब्लिकस नसणं हेही वारंवार दिसतं, चूक तुझीच असेल असं नाही. हेलिसिस मेजर अजून हातात आहे. कडेचा जो भाग कानाच्या पुढून वर चढतो, तिथे कूर्चेचा एक बारीक काटा बोटाला लागेल. तो स्नायू त्या काट्यापासून निघून कड मागे वळते तिथपर्यंत उभा चढतो. त्वचा ओढू नकोस, कूर्चेच्या आवरणाला धरून सुरी अगदी चपटी चालव.

कर्णिका
उद्या सकाळी आठला, सर. काटा आत्ताच स्वतःच्या कानावर चाचपून बघितला, लागला!